दीपालीची पाण्यातली बाग

समडोळीच्या चौगुल्यांच्या मागच्या पडवीत शेती होती आणि ती काचेत होती. गावात सांगून कुणाला पटायचं नाही. वारणाकाठचा माणूस म्हणजे ऊस, हळद, फार तर वांगी-टोमॅटो एवढीच पिकं ओळखणारा. पाण्याच्या आत पीक येतं आणि शहरातली शहाणी माणसं ते विकत नेतात, हे ऐकून पारावरची मंडळी गालातल्या गालात हसायची. "चौगुल्यांची सून शेवाळ विकती म्हणं, व्हय गं?" असं एखादा मुद्दाम विचारायचा. दीपाली फटकन म्हणायची, "व्हय, शेवाळच. तुमच्या हिरीत असलं तर आणून द्या, त्ये बी विकती." पण पडवीचं दार आतून लावलं की तिच्या तोंडावरचं हसू राहायचं नाही. कारण त्या शेवाळावर तिचं घर टिकून होतं.

ही शेती मुळात तिची नव्हे, तिच्या नवऱ्याची. भरतेश इस्लामपूरला वायरमन होता आणि त्याला मासे पाळायचा नाद. जैनाच्या घरात मासे! त्यात आई कोण, तर गुणमाला, जिला घरदारच काय, सगळं गाव आक्का म्हणतं. आक्का पाणी गाळल्याशिवाय तोंडाला लावत नाहीत. विहिरीचं पाणी होतं तेव्हा गाळल्यावर फडक्यात राहिलेले बारीक जीव त्याच विहिरीत परत सोडून यायच्या. एका पाण्यातला जीव दुसऱ्या पाण्यात टाकायचा नाही, असा त्यांचा दंडक. पुढं घरात नळ आला, तेव्हा हे पाणी नेमकं कुठल्या विहिरीचं हे विचारायला त्यांनी ग्रामपंचायतीच्या शिपायाला भर बाजारात अडवलं होतं. अशा बाईच्या पडवीत मुलानं काचेच्या टाक्या मांडल्या आणि लाल-पिवळे मासे सोडले. "जीव कोंडून कसली रं शोभा?" असं त्या रोज विचारायच्या आणि "मारत न्हाई आक्का, पाळतोय," असं तो रोज सांगायचा. दोघांचं हे भांडण त्यांच्या मायेचाच एक भाग झालं होतं.

मग भरतेशला कावीळ झाली. आधी गावठी औषध, मग मिरजेचा दवाखाना, आणि मिरजेहून त्याला आणलं ते चादरीत गुंडाळूनच. मासे इस्लामपूरचे एक ओळखीचे मास्तर घेऊन गेले. टाक्या आणि टाक्यांतली झाडं मागं राहिली. दीपालीला तर त्या टाक्यांकडं बघवायचंही नाही. विकून टाकाव्यात म्हणून तिनं मोबाइलवर फोटो टाकले, आणि साताऱ्याहून जयराज नावाचा माणूस टेम्पो घेऊन आला. त्याचं मत्स्यपेट्यांचं दुकान. हॉटेलांत, दवाखान्यांत काचेच्या पेट्या बसवून द्यायचा त्याचा धंदा. तो पडवीत वाकून बराच वेळ बघत राहिला आणि म्हणाला, "ताई, टाक्या ऱ्हाऊ द्यात तुमाला. ह्या झाडांचं काय घेणार?"

तिथून हे सुरू झालं. दीपाली सकाळी सांगलीला जायची, एका दातांच्या दवाखान्यात नंबर लावायच्या कामाला. दुपारी परत आली की पडवीत शिरायची. रिबिनीसारख्या लांब पातीची वालिसनेरिया, बोटभर देठाचं जाड पानांचं अनुबियास, दगडाला दोऱ्यानं बांधून वाढवायचं जावा मॉस, ही नावं तिच्या तोंडी भेंडी-गवारीसारखी बसली. पाणी बदलायचं, दिवे वेळेवर लावायचे, पिवळी पानं खुडायची, माल ओल्या वर्तमानपत्रात गुंडाळून थर्माकोलच्या पेटीत भरायचा आणि एसटीच्या पार्सलनं साताऱ्याला धाडायचा. फार नव्हे, पण दवाखान्याच्या पगाराला टेकू मिळू लागला. मुख्य म्हणजे त्या पडवीत उभं राहिलं की भरतेश बाजूला उभा असल्यासारखं वाटायचं. हे तिनं कुणाला सांगितलं नाही. लोक काय, हसायला टपलेलेच असतात.

भरतेशचा थोरला भाऊ शांतिनाथ बेंगळुरूला असतो. माणूस वाईट नाही. वाईट असता तर बरं झालं असतं, निदान कडाकडा भांडता तरी आलं असतं. भावाला जाऊन वर्ष झालं तेव्हा तो आला, सोप्यात बसला आणि मान खाली घालून म्हणाला, "दीपाली, राग मानू नकोस. तुज्या पगारात आक्काची औषधंबी भागत न्हाईत. तिला मी नेतो. तू माहेरी जा, भावाकडं. तुजं वय काय झालंय? फुडचं कायतरी बघता येईल. उगं दोघींनी हाल काढून घर धरून काय करायचं?"

दीपालीचं माहेर तासगावच्या बाजूला, द्राक्षबागवाल्यांचं, खाऊन-पिऊन सुखी. पण भावजयीच्या स्वयंपाकघरात पाहुणी म्हणून चार दिवस जाणं वेगळं आणि डब्यातली साखर विचारून घेत जन्म काढणं वेगळं. आणि आक्का? त्या मागं एकदा बेंगळुरूला गेल्या होत्या. सातव्या मजल्यावर बसून सारख्या "खाली माती कुठं हाय?" म्हणून विचारत राहिल्या, शेवटी शांतिनाथनंच आणून सोडलं. सासू-सुनेचं पटतं असं म्हटलं की लोकांना त्यात काहीतरी काळंबेरं दिसतं, पण या दोघींचं पटत होतं. एकीचा मुलगा गेलेला, एकीचा नवरा, आणि दोघी मिळून त्या एकाच माणसाच्या आठवणीवर जगत होत्या. वेगळ्या केल्या असत्या तर दोघीही वाळून गेल्या असत्या, हे दीपालीला पक्कं ठाऊक होतं.

"दादा, पर्युषणापर्यंत थांबा," ती म्हणाली. "माजं सातारचं गिऱ्हाईक पक्कं व्हायला लागलंय. एकदा बसलं की दर आठवड्याला माल जाईल. मग तुमाला काळजी न्हाई."

शांतिनाथनं तिच्याकडं बघितलं, मग आईकडं. "बरं. पर्युषण संपलं की क्षमावणीला मी येणारच हाय. तवर तुजं बसलं तर हा विषय मी परत काढणार न्हाई. न्हाई बसलं तर मात्र माजं ऐकायचं."

ठरलं. आणि ठरलं तसं नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं सुरू झाली.

जयराजला नवीन जातीची झाडं हवी होती म्हणून दीपालीनं बाहेरून थोडं रोप मागवलं. पानाच्या मागं साबुदाण्याच्या खिरीसारखं काहीतरी चिकट लागलेलं होतं. तिनं बोटानं पुसलं आणि रोप टाकीत लावलं. पुसून काय होतंय! थोड्याच दिवसांत काचेवर ज्वारीच्या दाण्याएवढ्या गोगलगायी चढताना दिसल्या. आज इथं चार, उद्या तिथं चाळीस, आणि बघता बघता एकूण एक टाकीत त्यांचं राज्य झालं. पार्सल साताऱ्याला गेलं आणि जयराजचा फोन आला.

"ताई, माल झकास हाय. पण गोगलगाई हैत की वो. मी ही झाडं हाटेलात लावतो. आज एक गेली की म्हैन्यात काच दिसत न्हाई. हाटेलवाला मला शिव्या घालतो. ह्या खेपंला मी निवडून घेतली. आता पाचगणी, म्हाबळेश्वरचं मोठं काम हाय, दर आठवड्याला माल लागणार. गणपती उठलं की पयला माल द्या. पण त्यात गोगलगाय एक बी नको. एक जरी निघाली तर मग मी दुसरीकडनं घेतो, राग मानू नगासा."

आता दुसरं कुणी असतं तर गोगलगायी चिरडून मोकळं झालं असतं. दीपालीच्या घरात ते शक्य नव्हतं. आणि खरं सांगायचं तर तिच्या स्वतःच्या हातालाही ते शक्य नव्हतं. लहानपणापासून चूल पेटवायच्या आधी लाकूड आपटून मुंग्या झाडलेली बाई ती. गोगलगायी खाणारे मासे मिळतात, असं जयराजनं सुचवलं, तेव्हा तिनं फोनवरच कानाला हात लावला. मारेकरी विकत आणायचा आणि आपण हात धुऊन नामानिराळं राहायचं, हे कुठल्या धर्मात बसतं?

मग तिनं साधा उपाय धरला. दिवेलागणीला काकडीच्या फोडी टाक्यांत सोडायच्या. सकाळपर्यंत गोगलगायी फोडींना लगडायच्या. त्या फोडी उचलून, उरलेल्या बोटांनी वेचून पाण्याच्या बादलीत टाकायच्या. बादली नदीला नेऊन सोडायला मात्र तिला वेळ नव्हता, सांगलीची एसटी गाठायची असायची. म्हणून तिनं आक्कांना सांगितलं, "आक्का, तुमी सकाळी बस्तीच्या देवळात जाताच की दर्शनाला. तसंच फुडं नदीवर एवढी बादली सोडून याल का?"

"आन की," आक्का म्हणाल्या. मारत नाही, सोडतेय, याचं त्यांना फार बरं वाटलं होतं. "तू जा कामाला, मी बघतो."

रोजचा हा क्रम झाला. बादली दुपारी धुऊन पालथी घातलेली असायची. पण गोगलगायी काही कमी होईनात. आज दीपालीनं वेचाव्यात आणि उद्या तेवढ्याच काचेवर हजर असाव्यात! देव तारी त्याला कोण मारी म्हणतात ते काही खोटं नाही. तिनं झाडं उपटून, पानं उलटीपालटी करून अंडी अलगद खरवडली आणि त्याच बादलीत टाकली. टाक्यांतली वाळू उपसून निवडून घेतली. दवाखान्यात नंबर लावताना तिला पेशंटच्या दातांवर गोगलगायी दिसायला लागल्या. जेवताना घास फिरायचा. बोटं पाण्यात राहून राहून पांढरी पडली होती, आणि ती बोटं बघून आक्का तेल चोळून द्यायच्या. "कशाला एवढं जिवाला लावून घेतीस?" म्हणायच्या. दीपाली त्यांना काय सांगणार? आक्का, तुम्हाला त्या सातव्या मजल्यावर पाठवायचं नाही म्हणून, हे तिच्या तोंडातून निघायचं नाही. ती नुसती हात ओढून घ्यायची.

पर्युषण आलं. गावात एका बाजूला गणपतीचे ढोल आणि दुसऱ्या बाजूला बस्तीतल्या पूजा. आक्कांनी दहा दिवस एकवेळ जेवायचं ठरवलं. घरात हिरवी भाजी बंद झाली, पण गोगलगायींची काकडी चालूच होती, ती तेवढी दीपाली पिशवीत लपवून आणायची. शांतिनाथचा फोन आला, क्षमावणीच्या सकाळी गाडी घेऊन येतो म्हणाला. "आक्काचे कपडे-बिपडे बांधून ठेवा," असं काही तो बोलला नाही. पण गाडी घेऊन येतो म्हणाला, त्यातच सगळं आलं.

त्या संध्याकाळी दीपालीनं टाक्यांसमोर बसून मनापासून रडून घेतलं. काचेवर गोगलगायी आपल्या संथ चालीनं फिरत होत्या. त्यांना काय, पर्युषण असो की आणखी काही. पहिल्यांदाच तिला त्या जिवांचा राग आला, असा की तिची तिलाच भीती वाटली. मोबाइलवर एक हिंदी बोलणारा गडी सांगत होता की तांब्याचं औषध पाण्यात घातलं की गोगलगायी साफ होतात. पुढं तो आणखी काय काय सांगत होता ते ऐकायला ती थांबली नाही. तिच्या डोक्यात एकच शब्द पेटला होता, मोरचूद.

द्राक्षवाल्याच्या लेकीला मोरचूद काय, कुणी शिकवायला हवं? लहानपणी वडील पिंपात निळे खडे विरघळवायचे, चुना कालवायचे आणि ते पाणी वेलींवर फवारायचे. "हात लावू नगंस गं," म्हणून ओरडायचे. पण वेलींची पानं कशी तकतकीत राहायची! रोग पळायचा आणि पान वाचायचं. ज्या औषधानं द्राक्षाचं पान वाचतं, त्यानं पाण्यातलं पान कशाला मरेल? असा तिचा सरळ हिशेब. गावच्या कुठल्याही द्राक्षवाल्याच्या पोरीनं तोच केला असता.

दुसऱ्या दिवशी दवाखान्यातून सुटल्यावर ती सांगलीच्या एका कृषी सेवा केंद्रात गेली. "बाग कुटं हाय, वैनी?" दुकानदारानं सहज विचारलं. "माहेरी," ती म्हणाली आणि पुडी जेवणाच्या डब्याखाली दडवली. एसटीत सगळी माणसं आपल्या पिशवीकडंच बघताहेत, असं तिला घरापर्यंत वाटत राहिलं.

आक्का बस्तीत होत्या. पर्वाचे शेवटचे दिवस, त्यांचा मुक्काम जवळजवळ तिथंच असायचा. दीपालीनं तांब्याभर पाण्यात खडे विरघळवले. पाणी कसं सुंदर निळं झालं होतं. पहिल्या टाकीत ओतताना अर्धं पाणी बाहेरच सांडलं. "माफ करा गं," ती मोठ्यानं म्हणाली. कुणाला म्हणाली ते तिलाही ठाऊक नव्हतं. मग तिनं बाकीच्या टाक्यांत डोळे मिटून ओतलं.

अनंत चौदशीला सकाळी टाक्यांचा तळ गोगलगायींनी भरलेला होता. एकही हलत नव्हती. आक्का क्षमावणीपर्यंतचा निर्जळी उपवास धरून पहाटेच बस्तीत गेल्या होत्या. दीपालीनं जाळीनं सगळं गोळा केलं, परसात खड्डा खणून पुरलं आणि हात जोडले. तोंडानं णमोकार मंत्र सुरू केला आणि तो अर्ध्यावरच टाकून ती उठली. पण झाडं हिरवीगार उभी होती. पाप झालं ते झालं, घर तर वाचलं, असं म्हणून तिनं पदरानं तोंड पुसलं आणि थर्माकोलची पेटी खाली काढली.

दुसऱ्या दिवशी ती पेटी भरायला बसली. वालिसनेरियाची पात धरली तर शिजवलेल्या मेथीसारखी हातात आली. मॉस तपकिरी झालं होतं. ज्याला मरण नाही म्हणतात ते अनुबियासही देठापासून सुटून तरंगत होतं. ती एकेका टाकीत हात घालत गेली आणि एकेका टाकीतून चिखल वर येत गेला. करायला गेली गणपती आणि झाला मारुती. जीव मारले, आणि ज्याच्यासाठी मारले ते पीकही मेलं. तिथंच पेटीवर डोकं टेकून ती बसून राहिली.

जयराजला फोन तर करायलाच हवा होता. "ताई, कसं व्हायचं आता?" तो म्हणाला. त्याच्या आवाजात राग नव्हता आणि तेच तिला जास्त लागलं. "मला उद्या पाचगणीत पेट्या भरायच्यात. मी दुसरीकडनं उचलतो. तुमचं परत झालं की सांगा, पण तवर ही जागा ऱ्हाईल का न्हाई, न्हाई सांगता येणार."

क्षमावणीचा दिवस उजाडला. या दिवशी जैनाच्या घरात लहान-मोठं राहत नाही. वर्षभरात ज्याचं मन दुखावलं असेल त्याच्यापुढं हात जोडायचे, सासूनं सुनेपुढंसुद्धा. आक्का आंघोळ करून, पांढरं लुगडं नेसून स्वयंपाकघरात आल्या. उपवासानं गालफडं आत गेलेली. दीपालीनं त्यांच्या पारण्यासाठी मुगाचं कढण केलं होतं. आक्का पाटावर बसायच्या आधी तिच्यासमोर उभ्या राहिल्या आणि त्यांनी हात जोडले.

"दीपा, वरसभरात माज्याकडनं कळत-नकळत तुजं मन दुखावलं असंल तर मला क्षमा कर." मग थोडं थांबून, खाली बघत त्या म्हणाल्या, "आनि एक कळून-सवरून केलेलं हाय. ती तुजी बादली. ती मी नदीत कवाच सोडली न्हाई."

दीपालीनं हातातला कढणाचा डाव भांड्यात ठेवला.

"पयल्या दिशी न्हेली हुती. पर नदीचं पानी काळं झालेलं, वर फेस. मासं उलटं हून तरंगत हुतं गं. असल्या पान्यात जीव कसं सोडू? आनि एका पान्यातला जीव दुसऱ्या पान्यात टाकायचाच न्हाई, तुला ठाव हाय. म्हनून परत आनल्या आनि तुज्या टाकीत सोडल्या. मग रोजच सोडल्या. तुला सांगितलं असतं तर तू चिडली असतीस, म्हनून गप ऱ्हायले. लय वेळा सांगावं वाटलं. आज सांगतो."

दीपालीला आधी हसू आलं. कसलं तरी वेडंवाकडं, थांबता न थांबणारं हसू. सकाळी ती वेचत होती आणि तिची पाठ वळली की आक्का सोडत होत्या. त्याच गोगलगायी! दोघी मिळून रोज त्यांनाच फिरवत होत्या. मग हसता हसता तिला रडू कोसळलं आणि ती ओरडलीच, "आवं आक्का, काय केलंसा हे! घर गेलं की आपलं! मला एकदा म्हणायचं तरी! मी दुसऱ्या हिरीत सोडल्या असत्या, डबक्यात सोडल्या असत्या, माहेरी न्हेऊन सोडल्या असत्या! मला त्या माराव्या तरी लागल्या नसत्या!"

तोंडातून गेलं ते गेलं. आक्कांनी मान वर केली.

"मारल्यास?"

"व्हय. मोरचूद घालून. पर्वात. तुमी बस्तीत होता तवा."

"समद्या?"

"समद्या. झाडंबी मेली. काय राहिलं न्हाई आक्का, एकबी पान न्हाई. दादाला दाखवायला काय राहिलं न्हाई."

आक्का भिंतीला धरून हळूच खाली बसल्या. कढणाची वाटी समोर होती, तिच्याकडं त्यांनी बघितलंही नाही. ओठ हलत होते, ते णमोकार म्हणत होते की आणखी काही, दीपालीला कळेना. मग त्या म्हणाल्या, "म्हंजे मी सोडत ऱ्हायले म्हनून तू मारल्यास."

"तुमचा काय दोष न्हाई आक्का."

"हाय."

दीपालीला वाटलं, त्यांनी शिव्या द्याव्यात, तोंडात मारावी. पण त्या नुसत्या बसून राहिल्या, आणि तेवढ्यात दारात गाडी थांबली.

शांतिनाथ आत आला. आईच्या पाया पडला, हात जोडून "क्षमा कर आक्का" म्हणाला, दीपालीसमोरही त्यानं हात जोडले. माणूस रीतीला चुकणारा नव्हे. मग पाटावर बसून त्यानं पाणी घेतलं आणि विचारायचं ते विचारलं. "दीपाली, काय झालं तुज्या त्या सातारच्या गिऱ्हाइकाचं? बसलं का?"

दीपालीनं तोंड उघडलं. लपवून काय उपयोग, पडवी चार पावलांवर होती. "दादा..."

"बसलं की," आक्का म्हणाल्या.

दीपालीनं वळून आक्कांकडं बघितलं.

"पयला माल कालच गेला एष्टीनं," आक्का सरळ मुलाच्या डोळ्यांत बघत बोलत होत्या. "पाचगनीच्या हाटेलात लावनार म्हनं. आता दर आठवड्याला जानार. त्यो गडी लय खूश हाय."

"खरं?" शांतिनाथचा चेहरा एकदम उजळला. "अरे वा! बघू तरी मग." आणि तो पडवीकडं जायला उठला.

"काय बघतोस? माल गेला की सगळा," आक्का म्हणाल्या. "रिकाम्या टाक्यांत पानी हाय नुसतं. बस खाली, माजं पारनं व्हायचंय, माज्यासंगं दोन घास खा."

तो बसला. त्यानं शंकासुद्धा घेतली नाही, आणि घेणार तरी कशी? गुणमाला चौगुले खोटं बोलल्याचं समडोळीत कुणाच्या ऐकिवात नव्हतं. भरतेशचं लग्न ठरवताना मुलीकडची माणसं यायच्या आत "आमच्या पोराला मासं पाळायचा नाद हाय, आत्ताच सांगून ठेवतो," असा निरोप धाडणारी ही बाई. सासऱ्यांच्या वाटणीच्या खटल्यात स्वतःच्याच नवऱ्याविरुद्ध खरं सांगून आलेली. तिनं क्षमावणीच्या दिवशी, दहा दिवसांचं पर्व पाळून, पोटच्या पोराला समोर बसवून एकामागं एक खोटं सांगितलं आणि वर दीपालीला त्याचं ताट वाढायला लावलं. दीपालीनं वाढलं. भाकरी कुठल्या ताटात पडत होती, तिला दिसत नव्हतं.

आक्कांनी कढणाची वाटी तोंडाला लावून खाली ठेवली. त्यातलं कढण कमी झालं नव्हतं, हे फक्त दीपालीनं बघितलं.

दुपारी शांतिनाथ निघाला. जाताना दारात थांबून म्हणाला, "दीपाली, माजं चुकलं. मी तुला कमी लेखलं. आता ह्या घराचं मी काय बोलणार न्हाई. भरतेश असता तर त्याला लय बरं वाटलं असतं." गाडी वळली, धुरळा उठला आणि खाली बसला. आक्का उंबऱ्याला धरून उभ्या होत्या.

दीपालीनं दार लोटलं आणि तिथंच त्यांच्यापुढं गुडघ्यांवर बसून हात जोडले. तिला खूप काही म्हणायचं होतं. क्षमा करा म्हणायचं होतं, माझ्यासाठी असं का केलंसा म्हणून भांडायचं होतं. पडवीतून कुजलेल्या पानांचा वास घरभर यायला लागला होता.

आक्कांनी तिचे जोडलेले हात धरून खाली केले.

"माज्यापुढं हात जोडू नगंस," त्या म्हणाल्या. "जे बोलले ते खरं करून दे मला."